जुन्या टीव्हीला झेपेल एवढंच चित्र: स्टिक आणि बॉक्सचं रिझोल्यूशन कसं आवरायचं

जुन्या टीव्हीला नवी स्टिक किंवा अँड्रॉइड बॉक्स, म्हणजे इंटरनेटवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं छोटं यंत्र, जोडताना दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. एक म्हणजे स्टिक एचडीएमआयमधून टीव्हीला जे चित्र देते त्याचं रिझोल्यूशन. दुसरी म्हणजे अ‍ॅप इंटरनेटवरून जो व्हिडिओ ओढतं त्याचं रिझोल्यूशन. शेतातलं उदाहरण घ्या. विहिरीतून टाकीत पाणी येतं, टाकीतून ठिबकच्या नळ्यांत जातं आणि दोन्हीकडे वेगळे व्हॉल्व्ह असतात. नळ्यांकडचा व्हॉल्व्ह आवळला म्हणून विहिरीवरची मोटर पाणी कमी उपसत नाही. तसंच स्टिक ७२०पीवर, म्हणजे चित्रात ७२० आडव्या ओळी असं, लावली म्हणजे डेटा आपोआप वाचेलच असं नाही. काही अ‍ॅप टीव्हीकडे जाणारं रिझोल्यूशन बघून व्हिडिओ हलका मागवतात, काही बघतच नाहीत. म्हणून दोन्ही व्हॉल्व्ह हातानेच लावायचे. पहिला राहिला तर चित्र येत नाही किंवा बिघडतं. दुसरा राहिला तर दुपारी दोनलाच दिवसाचा डेटा संपतो.

आधी टीव्ही ओळखा

मागची चिकटपट्टी आणि मागच्या पिना बघितल्या की काम भागतं. एचडीएमआयचं भोक नसेल, पिवळी-पांढरी-लाल अशी एव्हीची भोकं असतील आणि टीव्हीला मागे मोठं पोट असेल, तर तो पिक्चर ट्यूबचा डब्बा टीव्ही. व्हिडिओकॉनचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ पैठण रस्त्यावर चितेगावलाच होता, त्यामुळे आपल्याकडच्या बैठकीत हे संच अजून भेटतात, आणि ट्यूब चांगली असेल तर ते फेकून द्यायचं काहीच कारण नाही. भारतात हे टीव्ही पाल पद्धतीचे: ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ चित्राच्या, सेकंदाला २५ फ्रेम, ५० हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला ५० वेळा रंगतो.

एचडीएमआय आहे आणि पुढच्या कडेला ‘एचडी रेडी’ असं लिहिलंय, तर आतला पॅनल बहुधा १३६६ बाय ७६८ चा असतो. आपल्याकडचे जुने ३२ इंची एलसीडी-एलईडी बहुतेक याच जातीचे. ‘फुल एचडी’ लिहिलं असेल तर १९२० बाय १०८०. त्याला १०८०पी सरळ झेपतं, पण ४के (२१६० ओळींचं चित्र) आणि एचडीआर (जास्त उजेड-रंगांचं चित्र) झेपत नाही.

आणखी एक खूण रिमोटवर सापडते. स्टिक चालू असताना टीव्हीच्या रिमोटवरचं ‘इन्फो’ बटण दाबा. बऱ्याच टीव्हींवर कोपऱ्यात येणारं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ दिसतात, उदाहरणार्थ १२८० बाय ७२०, ६० हर्ट्झ. हे बटण लक्षात ठेवा. सेटिंग बदलल्यावर खरंच काय बदललं हे तिथेच कळतं.

किती पुरे आहे

‘जास्त रिझोल्यूशन म्हणजे जास्त स्वच्छ’ हा समज जुन्या टीव्हीला लागू होत नाही. कसा ते आकड्यात बघू.

३२ इंची पॅनलची उंची सुमारे ४० सेंटीमीटर. तेवढ्यात ७६८ ओळी, म्हणजे एक ओळ ०.५२ मिलिमीटरची. चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखते. आठ फुटांवरून हा बारकावा पडतो ०.७१ मिलिमीटर. म्हणजे आठ फुटांवर बसलेल्याला या टीव्हीची एक ओळ दुसरीपासून वेगळी दिसतच नाही. १०८०पी पाठवलं तरी टीव्ही १०८० ओळी ७६८ मध्ये दाबून बसवतो आणि उरलेला तपशील वाया जातो. ४८०पी पाठवलं तर एक ओळ ०.८३ मिलिमीटरवर पसरते. आठ फुटांवरून हे किंचित मऊ वाटतं, पण बारा फुटांवर, म्हणजे लांब बैठकीत भिंतीला टेकून बसल्यावर, तो फरकही जातो. त्यामुळे एचडी रेडीसाठी ७२०पी अगदी मापाचं आहे.

डब्बा टीव्हीचा हिशोब आणखी सोपा. त्याचा पडदा ४:३, व्हिडिओ १६:९. वर-खाली काळ्या पट्ट्या गेल्या की चित्राला पडद्याची तीन चतुर्थांश उंची उरते. ५७६ ची तीन चतुर्थांश म्हणजे ४३२ ओळी. ४८०पीचा व्हिडिओ याहून भारीच आहे. डब्बा टीव्हीवर ४८०पीच्या वर ओढलेला प्रत्येक एमबी फुकट गेलेला आहे.

पहिला व्हॉल्व्ह: स्टिककडून टीव्हीकडे

टीव्हीच्या आत एक छोटी मेमरी असते. ‘मला ही ही रिझोल्यूशन चालतात’ अशी यादी त्यात लिहिलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ यादी १२८ बाइटची, एचडीएमआय टीव्हीत तिला आणखी १२८ बाइटची जोड. केबल लावली की स्टिक १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून ही यादी वाचते आणि ‘ऑटो’वर असेल तर त्यातलं सगळ्यात वरचं रिझोल्यूशन उचलते.

जुन्या टीव्हीवर ‘ऑटो’ दगा देतो तो दोन कारणांनी. काही टीव्हींच्या यादीत १०८०पी लिहिलेलं असतं, पण दाखवताना चित्र थरथरतं, झिरमिरतं किंवा अक्षरं फाटतात. दुसरं कारण लाईटचं. लाईट जाऊन आली की स्टिक लगेच जागी होते, टीव्ही मात्र कुणीतरी रिमोट दाबेपर्यंत स्टँडबायवर असतो. त्या वेळी काही जुने टीव्ही यादी देतच नाहीत. मग स्टिक अंदाजाने काहीतरी धरते आणि टीव्ही लावल्यावर ‘नो सिग्नल’ किंवा ‘मोड नॉट सपोर्टेड’ दिसतं. भारनियमन असलेल्या गावात हे रोजचं दुखणं होतं. रिझोल्यूशन एकदा पक्कं करून टाकलं की स्टिकला विचारायची गरजच उरत नाही.

फायर टीव्ही स्टिकवर असं करा:

१. सेटिंग्ज उघडा, ‘डिस्प्ले अँड साउंड्स’मध्ये जा, मग ‘डिस्प्ले’.
२. ‘व्हिडिओ रिझोल्यूशन’ निवडा. ‘ऑटो’ सोडून ‘७२०पी ६० हर्ट्झ’ घ्या. फुल एचडी टीव्ही असेल तर ‘१०८०पी ६० हर्ट्झ’.
३. पडदा क्षणभर काळा होतो. चित्र नीट आलं तरच नवं सेटिंग ठेवा.
४. ४के स्टिक असेल तर त्याच मेनूत ‘डायनॅमिक रेंज’ बघा आणि एचडीआर बंद करा. रंगांची खोली, म्हणजे ‘कलर डेप्थ’, ८ बिटवर आणा.
५. टीव्हीच्या रिमोटवर ‘इन्फो’ दाबून खात्री करा.

५० हर्ट्झ घ्यायचं की ६०? आपल्याकडचे टीव्ही चॅनल आणि क्रिकेटचं थेट प्रक्षेपण बहुतेक २५ किंवा ५० फ्रेमचं असतं, म्हणून फक्त तेवढंच बघत असाल तर ५० वर चेंडूची धाव जास्त सलग दिसते. यूट्यूब जास्त चालत असेल तर ६०. टीव्हीऐवजी कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर वापरत असाल तर ६० च ठेवा, अनेक मॉनिटर ५० घेत नाहीत.

पडदा काळाच असेल आणि मेनूपर्यंत पोचताच येत नसेल, तर फायर टीव्हीच्या रिमोटवर वरचा बाण आणि रिवाइंड ही दोन बटणं एकत्र पाच सेकंद दाबून धरा. स्टिक एकामागून एक रिझोल्यूशन लावून बघू लागते. प्रत्येक ठिकाणी सुमारे दहा सेकंद थांबते. चित्र दिसलं की पडद्यावर ‘यूज करंट रिझोल्यूशन’ असा पर्याय येतो, तो निवडा. मध्ये घाई करून बटणं दाबत बसू नका. चित्र यायला कधी पूर्ण फेरी लागते.

अँड्रॉइड टीव्ही आणि गुगल टीव्हीच्या स्टिक-बॉक्समध्ये वाट अशी: सेटिंग्ज, काहींत मध्ये ‘डिव्हाइस प्रेफरन्सेस’, मग ‘डिस्प्ले अँड साउंड’, मग ‘रिझोल्यूशन’. ब्रॉडबँडबरोबर मिळणाऱ्या सेट-टॉप बॉक्समध्येही सेटिंग्जच्या ‘डिस्प्ले’ भागात हेच शोधा, नावं थोडी इकडेतिकडे असतात. रिझोल्यूशन बदललं की यातले बरेच बॉक्स ‘ठेवायचं का?’ असं विचारतात आणि उत्तर दिलं नाही तर काही सेकंदांत जुन्यावर परत येतात. चित्र गेलं तर रिमोट खाली ठेवा, अर्धा मिनिट थांबा. अशा वेळी घाबरून ‘ओके’ दाबणं हीच सगळ्यात मोठी चूक, कारण न दिसणारं सेटिंग तुम्ही स्वतःच पक्कं करता.

तरीही अडकलात तर शेजाऱ्याच्या नव्या टीव्हीला बॉक्स जोडा, तिथे ७२०पी पक्कं करा आणि मग आणून आपल्या टीव्हीला लावा. पक्कं केलेलं रिझोल्यूशन स्टिकमध्ये राहतं, म्हणून ही युक्ती चालते.

जुन्या गोल क्रोमकास्टला रिझोल्यूशनचा मेनूच नाही. गुगल होम अ‍ॅपमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय तेवढा मिळतो. त्याच्यासाठी दुसराच व्हॉल्व्ह उपयोगाचा.

डब्बा टीव्ही: कन्व्हर्टरची गोष्ट वेगळी

स्टिकमधून एचडीएमआय निघतं, टीव्हीला एव्ही लागतं, मध्ये कन्व्हर्टर हवा. इथे पहिली चूक दुकानातच होते. ‘एचडीएमआय टू एव्ही’ आणि ‘एव्ही टू एचडीएमआय’ या दोन डब्या दिसायला जवळजवळ सारख्या असतात, पण काम उलटं करतात. लातूरच्या गंजगोलाईत घ्या की संभाजीनगरच्या पैठण गेटला, डबीवर बाण बघा. एचडीएमआयच्या बाजूला ‘इनपुट’ आणि तीन रंगांच्या बाजूला ‘आउटपुट’ असलं पाहिजे. नुसती एचडीएमआय-ते-तीन-पिन अशी साधी वायर मिळते ती स्टिकला चालत नाही. डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करायला आत सर्किट लागतं आणि त्या सर्किटला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो. म्हणून कन्व्हर्टरला स्वतःची छोटी यूएसबी पिन असते. ती न लावता ‘चित्र येत नाही’ म्हणून परत केलेले कन्व्हर्टर पुष्कळ असतात.

जोडणी: पिवळी पिन पिवळ्यात, पांढरी आणि लाल आवाजासाठी. टीव्हीला आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरी त्यात लावा, लाल मोकळी सोडा. टीव्हीवर ‘एव्ही’ निवडा. रिमोट हरवला असेल तर पुढच्या पॅनलवर ‘टीव्ही/एव्ही’ बटण असतं. फ्री डिशचा बॉक्स आधीच एव्हीवर असेल आणि दुसरा एव्ही नसेल, तर दोन-तीन इनपुटचा एव्ही सिलेक्टर मिळतो. पिना सारख्या काढ-घाल करू नका, जुन्या टीव्हीची भोकं सैल होतात आणि मग आवाजात घरघर येते.

कन्व्हर्टरच्या बाजूला एक बारीक सरकता स्विच असतो, त्यावर पाल आणि एनटीएससी लिहिलेलं. आपल्याकडे पाल. हा स्विच चुकला की जुन्या संचावर चित्र काळं-पांढरं होतं किंवा वर-खाली फिरत राहतं. लोक टीव्ही बिघडला समजून मेकॅनिकला बोलावतात आणि उपाय असतो नखाने एक टिचकी.

स्टिकवर ७२०पी ५० हर्ट्झ लावा. पालही ५० चा, त्यामुळे कन्व्हर्टरला फ्रेम गाळाव्या लागत नाहीत आणि कॅमेरा फिरताना चित्र अडखळत नाही. हे कन्व्हर्टर साधारण १०८०पीपर्यंतचंच इनपुट घेतात. ४के स्टिक ४के पाठवायला लागली की पडदा काळा. म्हणून ४के स्टिक आधी एखाद्या एचडीएमआय टीव्हीवर ७२०पीला पक्की करून मगच डब्याला जोडा.

अपेक्षाही नीट ठेवा. सिनेमा, मालिका, कीर्तन, क्रिकेट छान दिसतं. मेनूतली बारीक अक्षरं वाचवत नाहीत, कारण ती मोठ्या पडद्यासाठी आखलेली असतात. शोधायला आवाज वापरा. रिमोटवर माइक असेल तर मराठीत बोलूनही यूट्यूबवर बरंच सापडतं.

दुसरा व्हॉल्व्ह: इंटरनेटकडून स्टिककडे

इथे गणित एकच लक्षात ठेवा: १ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिटचा, व्हिडिओ तासाला ०.४५ जीबी खातो. यूट्यूब ४८०पीसाठी १.१ एमबीपीएस, ७२०पीसाठी २.५ आणि १०८०पीसाठी ५ एमबीपीएस वेग सुचवतं. आता मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचे २ जीबी आहेत असं धरा. १०८०पीवर ते ५३ मिनिटांत संपतात, ७२०पीवर पावणेदोन तास पुरतात, ४८०पीवर चार तास. एक सिनेमा अडीच तासांचा असतो. डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर आणणारे प्लॅन अनेक आहेत, आणि तेवढ्यात फोटोही नीट उघडत नाही.

यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना गिअरचं चिन्ह उघडा, ‘क्वालिटी’मध्ये ४८०पी किंवा ७२०पी निवडा. अडचण अशी की हे त्या व्हिडिओपुरतं. पुढच्या व्हिडिओला परत बघावं लागतं.

नेटफ्लिक्सला सोय चांगली आहे. मोबाइल किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये अकाउंट उघडा, प्रोफाइल निवडा, ‘प्लेबॅक सेटिंग्ज’मध्ये जा. ‘लो’ म्हणजे तासाला ०.३ जीबीपर्यंत, ‘मीडियम’ ०.७ पर्यंत, ‘हाय’ला एचडीत ३ जीबीपर्यंत. जुन्या टीव्हीला मीडियम पुरतं. हे सेटिंग प्रोफाइलला लागतं, यंत्राला नाही. त्यामुळे टीव्हीसाठी एक वेगळं प्रोफाइल करा आणि मर्यादा फक्त त्याला घाला, म्हणजे घरातल्या बाकीच्यांच्या फोनवर परिणाम होत नाही. लगेच फरक दिसला नाही तर टीव्हीवरचं अ‍ॅप साइन आउट करून पुन्हा साइन इन करा. आणि हो, नेटफ्लिक्सचा फक्त मोबाइलसाठीचा प्लॅन टीव्हीवर चालत नाही. ‘बेसिक’ प्लॅन ७२०पी देतो आणि एचडी रेडी टीव्हीला त्याच्या वरच्या प्लॅनचे पैसे केवळ चित्रासाठी मोजण्यात अर्थ नाही.

फायर टीव्हीत सेटिंग्जच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘डेटा मॉनिटरिंग’ आहे. ते चालू करून ‘गुड’ निवडा. प्राइम व्हिडिओसाठी त्याचा उपयोग होतो, बाकीच्या अ‍ॅपसाठी त्याच्यावर विसंबू नका. त्यातला कुठल्या अ‍ॅपने किती डेटा खाल्ला हा तक्ता मात्र आठवड्यातून एकदा जरूर बघा.

सगळ्या अ‍ॅपना एकदम लगाम: राउटर

घरी राउटर असेल तर हाच सगळ्यात भक्कम उपाय आहे, कारण तो अ‍ॅपच्या मर्जीवर नाही. सगळी मोठी अ‍ॅप मिळणाऱ्या वेगाप्रमाणे चित्र वर-खाली करतात. स्टिकला वेगच मोजून दिला की ती आपोआप खालच्या रिझोल्यूशनवर बसते.

राउटरच्या बुडाशी पत्ता लिहिलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाकून आत जा. आधी स्टिकचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, शोधा. फायर टीव्हीत तो ‘माय फायर टीव्ही’, ‘अबाउट’, ‘नेटवर्क’ इथे मिळतो. राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ करून स्टिकला कायमचा एक आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कातला नंबर, द्या. ही पायरी गाळली तर लाईट जाऊन आल्यावर आयपी बदलतो आणि लगाम स्टिकऐवजी कुणाच्या तरी फोनला लागतो. मग ‘बँडविड्थ कंट्रोल’ किंवा ‘क्यूओएस’मध्ये त्या आयपीला डाउनलोडची कमाल मर्यादा घाला.

डब्बा टीव्हीला १५०० केबीपीएस, एचडी रेडीला ३०००. थेट क्रिकेट बघायचं असेल तर ४०००, कारण सेकंदाला जास्त फ्रेम असल्या की त्याच रिझोल्यूशनला जास्त डेटा लागतो. कमी पडला तर ऐन षटकात चक्री फिरत बसते. एकक नीट बघा: काही राउटर किलोबिट मागतात, काही किलोबाइट. ३००० किलोबिट म्हणजे ३७५ किलोबाइट. किलोबाइटच्या रकान्यात ३००० भरलं तर ते २४ एमबीपीएस होतं आणि लगाम लागतच नाही.

अपडेटच्या दिवशी मर्यादा काढा, नाहीतर एका अ‍ॅपला तास जातो. फायबरवाल्याने दिलेल्या डबीत ही सोय नसेल तर तिच्यामागे एक जुना राउटर लावून स्टिक त्यावर जोडता येते. जुन्या माळवदाच्या घरात दीड-दोन हात जाडीच्या भिंती असतात, तिथे ५ गिगाहर्ट्झ वायफाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही. २.४ वर जोडा. ७२०पीला तेवढा वेग पुरून उरतो.

डेटाच्या बाबतीत एक गळती कुणाच्याच लक्षात येत नाही. जुना टीव्ही त्याच्या रिमोटने बंद केला तरी वेगळ्या चार्जरवरची स्टिक चालूच राहते. टीव्ही बंद झाल्याचं तिला बऱ्याचदा कळत नाही आणि लेकरं झोपल्यावर कार्टूनचा पुढचा भाग, त्याचा पुढचा भाग असं सुरू राहतं. टीव्ही बंद करण्याआधी स्टिकच्या रिमोटवर ‘होम’ दाबायचं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. यूट्यूब आणि नेटफ्लिक्समधलं ‘ऑटोप्ले’ही बंद करा.

एवढं करूनही बिघडलं तर

*कडा कापल्या जातात.* जुने टीव्ही चित्र किंचित मोठं करून कडा झाकतात, स्कोअर किंवा खालच्या बातम्यांची पट्टी अर्धी जाते. आधी टीव्हीच्या चित्राच्या मापाच्या मेनूत बघा: एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’, सोनीत ‘फुल पिक्सेल’. तिथे नाही मिटलं तरच फायर टीव्हीचं ‘कॅलिब्रेट डिस्प्ले’ वापरा आणि कोपऱ्यातले बाण पूर्ण दिसेपर्यंत चित्र लहान करा. क्रम उलटा केला तर चित्र दोनदा ताणलं-आवळलं जातं आणि अक्षरं धूसर होतात.

*सगळं गुलाबी किंवा हिरवट.* रंग पाठवायच्या पद्धतीत स्टिक आणि टीव्ही यांचं जुळत नाही. ‘कलर फॉरमॅट’ बदलून आरजीबी करून बघा. त्याआधी केबल घट्ट करा, सैल पिननेही असंच होतं.

*चित्र आहे, आवाज नाही.* स्टिक डॉल्बी पाठवते, टीव्हीला साधा स्टिरिओच कळतो. ‘ऑडिओ’मध्ये ‘सराउंड साउंड’ उघडून पीसीएम, म्हणजे साधा स्टिरिओ, निवडा. कन्व्हर्टर वापरताना हे आधीच करून ठेवावं.

*मेनू दिसतो, सिनेमा लावला की काळा पडदा.* हा रिझोल्यूशनचा दोष नाही, ते कितीही कमी केलं तरी जाणार नाही. पैसे घेऊन दाखवायचे सिनेमे एचडीसीपी या कुलपात बंद करून पाठवतात. टीव्ही किंवा कन्व्हर्टरला ते उघडता आलं नाही की चित्र अडतं. ४केला एचडीसीपी २.२ लागतं, जुन्या टीव्हीत त्याआधीची पिढी असते आणि १०८०पीपर्यंत ती चालते. स्वस्त कन्व्हर्टरने दगा दिला तर तो बदलणं हाच मार्ग.

*नावगाव नसलेला बॉक्स ‘४के’ म्हणतो, पण नेटफ्लिक्स धूसर.* त्यात वाइडवाइन नावाच्या सुरक्षेचा वरचा दर्जा, एल१, नसतो. म्हणून अ‍ॅप ४८०पीच देतं. डब्बा टीव्हीला तेवढं पुरतं, बॉक्स बदलायची घाई नको.

*स्टिक मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होते.* ती टीव्हीच्या यूएसबीवर लावलेली असते. जुन्या यूएसबी पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, स्टिकला १ अँपिअर लागतो. सोबतचा चार्जर किंवा फोनचा ५ व्होल्ट २ अँपिअरचा चालतो, जास्त अँपिअरने स्टिक जळत नाही, ती हवा तेवढाच प्रवाह घेते.

*एप्रिल-मेच्या दुपारी चित्र अडखळतं.* बाहेर ४२ अंश, त्यात टीव्हीच्या पाठीची ऊब. स्टिक तापली की स्वतःचा वेग कमी करते. सोबत येणारी छोटी एचडीएमआय एक्स्टेंशन वायर लावून ती टीव्हीपासून चार बोटं लांब लोंबती ठेवा. ७२०पीचं काम १०८०पीपेक्षा हलकं असल्यामुळे स्टिक कमीही तापते.

स्टिक रिसेट केली किंवा मोठं अपडेट आलं की सेटिंग कधीकधी परत ‘ऑटो’वर जातं. म्हणून सगळं जुळल्यावर एक कागदाची पट्टी टीव्हीच्या मागे चिकटवा: ‘७२०पी, ५० हर्ट्झ, एचडीआर बंद, आवाज पीसीएम, कन्व्हर्टर पालवर’. एचडी रेडी असेल तर त्यावर तुम्ही निवडलेले हर्ट्झ लिहा. फायर टीव्ही असेल तर खाली आणखी एक ओळ: ‘पडदा काळा झाला तर वरचा बाण आणि रिवाइंड, पाच सेकंद’.